विहिरीच्या काठावरची सोबत

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर 'रिकामटेकडा' म्हणते... त्यामुळं आज हे लिहिताना माझंच मला हसू येतंय. पण घडलं ते घडलं.

बहात्तरचा दुष्काळ. भूम तालुक्यातलं ईट गाव, आणि मी नव्यानंच लग्न होऊन आलेली. आमच्या शेतातल्या विहिरीत तळाच्या कपारीत एवढा एकच झरा जिवंत होता. घरात काटकुळी मीच, म्हणून पायऱ्या उतरून कपारीत शिरायचं आणि वाटीवाटीनं घागर भरायची, हे काम माझ्याकडं. भर दुपारीसुद्धा आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही. आणि अंधारात एकटीनं राहायची मला लहानपणापासून धडकी! थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या आक्का, विधवा, मूलबाळ नाही. त्या काठावरून दोरानं घागर ओढायच्या आणि मी भिऊ नये म्हणून अखंड बोलत राहायच्या. तेरच्या माहेरचं, शेजारच्या भांडणांचं, काहीबाही. त्यावरच मी तग धरला.

एक दिवस आक्कांचा आवाज अगदी कानाशी आला. "मलाबी अंधाराचं लई भ्या वाटतं गं. ल्हानपणी दाण्याच्या कणगीत लपले, अन् वरून झाकण पडलं..."

ऐकत ऐकत घागर भरली. ओढा म्हणून हाक मारली, तर दोर हालेना. बोलणं मात्र चालूच! शेवटी घागर कमरेवर घेऊन वर आले — काठावर कुणीच नाही. सासूबाईंनी आक्कांना केव्हाच घरी बोलावून घेतलं होतं.

जेवताना मी मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं. कणगीचं ऐकून आक्कांचा घास हातातच राहिला. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं म्हणे. सासूबाईंना त्याचं काही नाही. हिला सोबत आपोआप मिळतीय, घागर काय मीबी ओढीन, म्हणाल्या. तेवढंच एक खाणारं तोंड कमी. आठवड्याच्या आत आक्कांना तेरला भावाकडं धाडायचं ठरलं.

एस.टी.त चढताना आक्का हळूच म्हणाल्या, "धाकले, तू खाली असलीस की मला वर एकटं वाटत नव्हतं बघ. तिथं गोठ्यात निजावं लागंल... एकटीला."

विहिरीत तो आवाज पुन्हा कधी आला नाही. तो कुणाचा होता, हे मला आजही सांगता येत नाही. पण अंधाराची भीती काय असते हे त्या घरात आक्कांशिवाय मलाच ठाऊक होतं, आणि सासूबाई शेजारीच उभ्या असताना "आक्कांना राहू द्या" म्हणायला माझी जीभ रेटली नाही.