उधाणात या, साहेब

नरोत्तमभाऊंशी माझी ओळख झाली ती त्यांची बोलणी खाऊन. घिवलीच्या अलीकडच्या एका किनारी गावातल्या शाळेवर मी नव्याने रुजू झाले होते. मुलांना समुद्र दाखवायचं माझ्या मनात आलं. हो, मच्छीमारांच्या पोरांना समुद्र दाखवायला निघालेली मी शहाणी! किनाऱ्यावर जवळा वाळत घातला होता, त्यातून मी चपला घालून सरळ चालत सुटले. मागून आवाज आला, "ओ बाई! आमी तुमच्या सैपाकघरात चपला घालून येतो काय?" पोरं खो-खो हसली आणि माझा चेहरा उतरला. संध्याकाळी शाळेत जवळ्याची पुडी आली, सोबत निरोप होता, "बाईंना सांगा, रागावलो ते जवळ्यापायी, त्यांच्यावर नाय." त्या दिवसापासून भाऊंनी मला रागवायचं सोडलेलं नाही आणि जवळा पाठवायचंही सोडलेलं नाही.

भाऊ यंदा पंच्याहत्तरी पूर्ण करत आहेत. गावच्या मच्छीमार सोसायटीचा कारभार त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला, बर्फ आणि डिझेलसाठी पालघरला हेलपाटे घातले, सोसायटीतली भांडणं सोडवली, काही स्वतः लावलीसुद्धा. ते सगळं या गौरव अंकात इतर मंडळी लिहितीलच. मला सांगायचं आहे ते खाडीच्या तोंडाशी होऊ घातलेल्या संरक्षण दलाच्या जेट्टीबद्दल. कारण भाऊ काय चीज आहेत ते मला खऱ्या अर्थाने तेव्हा कळलं.

जेट्टीची बातमी आली आणि जो तो डोलीचं काय होणार ते विचारू लागला. आमच्याकडे डोल लावतात, म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना मोठं पिशवीसारखं जाळं बांधायचं आणि प्रवाहानेच त्यात मासळी आणून सोडायची. आराखड्यातली जेट्टी नेमकी त्या खुंटांच्या वाटेत होती. प्रवाह फिरला तर डोल रिकामी, आणि डोल रिकामी तर गाव उपाशी, एवढा साधा हिशेब होता. तरुण पोरं पेटली. भाऊ मात्र पहिल्याच सभेत म्हणाले, "देशाच्या कामाला आपला इरोध नाय. माझा सख्खा भाऊ नौदलात होता, इसरू नका. पण आपल्याला बघून बांधा, एवढंच आपलं मागणं." त्या वाक्यापासून ते आजपर्यंत तसूभर हललेले नाहीत.

पर्यावरणाच्या पाहणीसाठी पथक यायचं ठरलं तेव्हा पथकाच्या साहेबांनी फोन करून भाऊंना सोयीचे दिवस विचारले. भाऊंनी चटकन भांगातले दिवस दिले. अष्टमीपासून एकादशीपर्यंत भरती-ओहोटीला जोर नसतो, त्याला आम्ही भांग म्हणतो. डोलीत काही शिरत नाही, म्हणून होड्या किनाऱ्याला लागतात आणि घरोघरी माणसं असतात. लग्नं, साखरपुडे, पंचायती सगळं गाव भांगातच उरकतं. मग सरकारी पाहुणेही भांगातच बोलवायचे! मीही तेव्हा मान डोलावली. पथक आलं, कोळंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाऊन तृप्त झालं, खाडीच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढून गेलं.

अहवालात लिहून आलं की प्रस्तावित जागेत मासेमारी चालत असल्याचं आढळलं नाही.

गावात नुसता भडका उडाला. जनसुनावणीच्या मांडवात पोरांनी "खोटा अहवाल, विकलेला अहवाल" म्हणून घोषणा सुरू केल्या. ज्यांनी पाहणी केली होती ते तरुण शास्त्रज्ञ साहेब खाली मान घालून बसले होते. त्या दिवशी भाऊ नुसते गप्प राहिले असते तरी गावाने त्यांना खांद्यावर घेतलं असतं. ते उठले. माइक हातात घेतला.

"अहवाल खोटा नाय," भाऊ म्हणाले. "यांनी जे बघितलं तेच लिवलं हाय. चूक माझी हाय. भांगात मीच बोलावलं यांना. होड्या किनाऱ्याला, मानसं घरात, मंग समिंदरात दिसंल काय?"

मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, तुमी कुणाच्या बाजूचे?" भाऊ तिकडे वळले. "डोलीच्या बाजूचा! दुसऱ्यावर खोटं घालून माझी डोल वाचनार नाय." मग अधिकाऱ्यांकडे बघून हात जोडले, "आता उधाणात या, साहेब. पुनवेला या. जेवनाचं मात्र त्या दिवशी बोलू नका, कुनाला टाइम नसंल."

त्या क्षणी मला भाऊंचा भयंकर राग आला होता, खोटं कशाला बोलू? हातातलं पीक या माणसाने भर सभेत दुसऱ्याच्या अंगणात टाकलं, असं वाटलं. गावातले काहीजण कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते. भाऊंना त्याचा त्रास झाला, जेवण तुटलं. पण रोज ते पालघरच्या कचेरीत जाऊन बाकावर बसत आणि एकच वाक्य म्हणत, "उधाणात या." शेवटी तेच तरुण साहेब आपल्या वरिष्ठांशी भांडले आणि पौर्णिमेला परत आले. भाऊंनी त्यांना होडीत घातलं. साहेबांना उलट्या झाल्या, भाऊ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले, आणि खुंटांजवळ पोचल्यावर म्हणाले, "आता बघा." तुडुंब भरलेल्या डोली होडीत रिकाम्या होत होत्या.

भाऊंनी आणखी एक गोष्ट करायला लावली. हंगामात जव्हारकडची कुटुंबं किनाऱ्यावर झोपड्या टाकून बोंबील वाळवायचं काम करतात. गावच्या घरांत ती धरली जात नाहीत. "यांनाबी इचारा. किनारा गेला तर यांचंबी पोट जाईल," असं म्हणून भाऊंनी पथकाला झोपडी-झोपडीपुढे उभं केलं. खरं सांगते, त्यांची आठवण आम्हा कुणालाच झाली नव्हती.

दुसरा अहवाल गेला आणि आराखडा फेरविचाराला आला. उत्तरेकडच्या खडकाळ बाजूचा पर्याय तपासला जात आहे. निकाल अजून लागलेला नाही आणि तो आमच्या मनासारखाच लागेल असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. भाऊ बाकावर बसायला जातातच.

या गौरव समारंभाचीही एक गंमत आहे. आम्ही काही मंडळींनी हौसेने वाढदिवसाचीच तारीख धरली, बोईसरला हॉल ठरवला आणि भाऊंना सांगायला गेलो. त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघून कपाळावर हात मारला. "बाई, त्या दिवशी अवस हाय. भर उधाण. कोन येल माझ्या शालीला? इतकी वर्सं ऱ्हाऊन तुमी शिकल्या काय?" पुन्हा बोलणी! समारंभ दशमीवर गेला, आणि हॉलमधून गावातल्या मांडवात आला.

भाऊ, तुम्हाला निरोगी, दणकट, शंभरी ओलांडणारं आयुष्य लाभो, आणि आम्हाला रागवायचा तुमचा आवाज असाच खणखणीत राहो. दशमीला बाहेरगावच्या पाहुण्यांना समुद्रावर एकही होडी दिसणार नाही. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, समुद्र रिकामा आहे असं कुणी लिहून नेऊ नका. सगळं गाव मांडवात, भाऊंपाशी बसलेलं असेल.