कॉइलची जाड वायर

वडिलांच्या बंद पडलेल्या जुन्या मोटारीची इग्निशन कॉइल मीच, त्यांच्या धाकट्या मुलीनं, जोडली होती. किल्लीकडची वायर एका टोकाला, वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटकडची दुसऱ्या टोकाला, मध्ये ठिणगी नेणारी जाड वायर.

हत्यारं-वाहनं पुजायच्या सणाला, आयुधपूजेला, थोरला भाऊ चेन्नईहून तंजावरला आला. वडिलांनी किल्ली त्याच्या हातात दिली. पूजेत चाकाखाली ठेवलेलं लिंबू चिरडून मोटार निघाली.

"मुलाचा हात लागला, म्हणून चालू झाली," वडील शेजाऱ्यांना सांगत होते. माझ्या नखांतलं ग्रीस अजून निघालं नव्हतं.

माझं डोकं सणकलं. मोटार परत येताच मी बॉनेट उघडून ती जाड वायर उपसली.

जेवणानंतर मोटार काही केल्या चालू होईना. वडिलांनी मला हाक मारली. आता तरी मलाच विचारतील, म्हणून मी हात पुसत धावले.

"कॉफी आण," ते म्हणाले, "दादा दुरुस्त करतोय."