भिंतीवरचं ते पत्रक माझं आहे

आईची चाहूल लागताच तुमच्या घरातलं तीन वर्षांचं लेकरू पलंगाखाली शिरू लागलं, तर दोष कुणाला द्याल?

मी पुण्याला निघाले तेव्हा माझी थोरली बहीण, अक्का, तिच्या लेकीला, चिन्नीला, कडेवर घेऊन हुबळी स्टेशनवर उभी होती. मी खिडकीतून हात पुढे केला आणि चिन्नीचं अंग लाकडासारखं ताठ झालं. जन्मल्यावर दीड महिना ती दवाखान्यात होती, सुया-नळ्यांत. तेव्हापासून कुणी शिवलं की हेच. "शिकून ये, मग हिला मोकळं कर," अक्का म्हणाली. मी हो म्हणाले.

पुण्यात मी अशाच मुलांबरोबर काम करायला शिकले. त्यात औषध नाही, उपदेशही नाही. जमिनीवर बसायचं, लोळायचं, झुलायचं, मूल मागेल तेवढाच स्पर्श करायचा. शरीरात बसलेली भीती शरीरातूनच हळूहळू निघते. पहिल्या दिवशी तर आम्ही मुलाला हातही लावत नाही. आधी आईला भिंतीला टेकवून बसवतो, तिचा श्वास संथ होऊ देतो. आईच आवळलेली असेल तर मूल सैल होत नाही.

हे ठाऊक असून मी घरी काय पाठवलं? पत्रक.

आमच्या घरात पत्रकाचा मान मोठा. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, उभं आयुष्य चळवळीची पत्रकं लिहिली, हुबळीत विद्यानगरच्या कॉलेजांसमोर उभं राहून वाटली. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. म्हणून मीही दहा ठळक सूचना लिहिल्या. 'मूल नको म्हणालं तर थांबा' एवढी ओळ मात्र लिहिली नाही. पत्रकात माघार शोभत नाही, हे आमच्या अंगात मुरलेलं.

सुट्टीत घरी गेले, तर पत्रक भिंतीवर आणि अप्पा हातात घड्याळ घेऊन उभे. "सूचना चौथी, घट्ट मिठी! धर तिला, अजून दोन मिनिटं!" चिन्नी किंचाळून निसटली आणि पलंगाखाली गेली. अक्का माझ्याकडे वळली.

"तुझा कागद पाळून पाळून माझी पोर मलाच भ्यायली बघ. कागद तेवढा धाडलीस, मॅडम. तू का नाही आलीस ग?"

खरं उत्तर मी दिलं नाही. परक्यांच्या मुलांसोबत तासन्‌तास जमिनीवर बसणं मला आवडत होतं, तिथे मला मान होता. इथे मी नुसती धाकटी.

मी आठ दिवस राहिले. चिन्नीला काहीच केलं नाही. रोज अक्काला भिंतीशी बसवलं, तिचे खांदे दाबले. सहाव्या दिवशी चिन्नी आपण होऊन बाहेर आली आणि आईपासून हातभर लांब बसली. अक्का हलली नाही, नुसती रडली. अप्पांनी घड्याळ खिशात टाकलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. मग मी पुण्याला परत आले. घर म्हटलं की मला आता ते हातभर अंतर दिसतं. ते माझ्यामुळे पडलंय, आणि ते किती मिटलं हे मी फोनवर विचारते.

पण 'लेकीनं लिहिलंय' म्हणून अप्पांनी त्या पत्रकाच्या प्रती आमच्या भागात मळमड्डीपासून कलघटगीपर्यंत गावोगाव वाटल्या आहेत. तुमच्या भिंतीवर ते असेल, तर आजच फाडा. मग मुलाजवळ जमिनीवर बसा, हात स्वतःच्या मांडीवर ठेवा, आणि ते येईपर्यंत थांबा.