चिखलीतली बिनभाड्याची खोली

नांदुऱ्याला भल्या सकाळी गाडीतून उतरले तेव्हा माझे गुडघे माझ्याशी बोलत नव्हते. पुण्याहून रात्रभर बसून आल्याचा राग असणार. पुढे चिखलीपर्यंत एसटी. कंडक्टरला विनवून पुढची जागा मिळवली, कारण मला घाट लागतो. शेजारी एक गृहस्थ बसले होते. कुठे, कोणाकडे, कशाला अशी रीतसर चौकशी झाल्यावर मी म्हटलं, मैत्रीण कॉलेजात शिकवते, ते कॉलेज बघायला चाललेय. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"कॉलेज पाहाले? अन् तेही पुण्याहून? आमचे पोरं तं तिकडं जाऊन राह्यले."

मोताळा मागे पडलं आणि राजूरचा घाट सुरू झाला. खाली कपाशीचं शेवटचं बोंड उरलेली वावरं (शेतं), वर गेल्यावर गहू आणि हरभरा. बुलढाण्याला मी चहाला उतरले, तेवढ्यात बस हलली. त्याच गृहस्थांनी कंडक्टरला दम देऊन ती थांबवली. अख्ख्या बसने माझं धावणं पाहिलं आणि फार गोड मानून घेतलं.

माझी मैत्रीण सुलभा चिखलीत भौतिकशास्त्र शिकवते. पूर्वी पुण्यात आम्ही एका खोलीत राहायचो. तिला मोठ्या शहरात नोकरी मिळाली असती, पण ही बाई इथे आली आणि रमली. आता मात्र चिंतेत होती. दरवर्षी तिच्या वर्गातल्या दोन-चार मुली मध्येच सोडून जातात. हुशारी कमी पडते म्हणून नाही, राहायचं-खायचं जमत नाही म्हणून. वर्ग असाच आटत गेला तर तिचा विभाग बंद होणार आणि मग इथल्या मुलीने भौतिकशास्त्र शिकायचं म्हणजे थेट मोठं शहर गाठायचं. ते कोणाचे आईबाप करू देणार?

या वर्षी जायच्या वाटेवर होती वैष्णवी. डोणगावच्या पलीकडच्या एका खेड्यातली, घरात कॉलेजात जाणारी पहिलीच, चिखलीत एका घरी खोलीवर राहायची. पुस्तकं, गावी जायची बस, डबा हे घरून झेपेना. बाहेरगावी खोली घेऊन शिकणाऱ्या मुलींना सरकारी भत्ता मिळतो, पण त्याला भाडेकरार जोडावा लागतो. शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी. आणि करार नव्हता, कारण घरमालकीण भाडंच घेत नव्हती.

मी पुण्याची. भाडं न घेणारी घरमालकीण म्हटल्यावर मी चपला घालून तयारच झाले. म्हटलं, दर्शन तरी घेऊ.

गिरजाकाकूंचं घर गावाच्या कडेला, मागे विहीर आणि भाजीचा मळा. आम्ही गेलो तेव्हा काकू आणि वैष्णवी मेथीच्या आणि सांबाराच्या (इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) जुड्या बांधत बसल्या होत्या. बोलायच्या आधी जेवण, असा दंडक निघाला. फुणके (तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके) आणि गरम कढी. मी तीनदा वाढून घेतलं आणि मुळीच लाजले नाही.

मग सुलभाने विषय काढला. काकूंचं उत्तर ठरलेलं: लेकीच्या वयाची पोर, तिच्याकडून भाडं घेतलं तर लोक तोंडात शेण घालतील. सुलभा म्हणाली, बरं, घेऊ नका, नुसतं लिहून द्या. त्यावर तर त्या भडकल्याच. न घेतलेल्या पैशावर सही करायची, म्हणजे खोटं बोलायचं, तेही विद्येच्या कामात! आता काय करणार? बाई दोन्हीकडून खरी होती आणि दोन्हीकडून पोरीचं नुकसान होत होतं. मला तर त्यांना हात जोडावेत की गदगदा हलवावं, तेच कळेना.

वैष्णवी इतका वेळ जुडीला दोरा गुंडाळत होती. ती खाली बघूनच बोलली.

"काकू, तुमी भाडं घ्याच. फुकट राह्यतो म्हणून मले पेपरच्या दिवशीही जुड्या बांधा लागते असं वाटते. लाइट जास्त जाळू नये असं वाटते. तुमी कधी म्हणलं नाई. पण वाटते."

काकू उठल्या, मोरीवर जाऊन हात धुतले, बराच वेळ धुतले. मला वाटलं, संपलं सगळं, पोरगी आता राहतं घरही घालवून बसली. काकू पदराला हात पुसत आल्या.

"सांगितलं काऊन नाई इतके दिवस?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

"वाटलंच," काकू म्हणाल्या. मग सुलभाकडे वळून विचारलं, "इकडं भाडं काय चालते?"

सुलभाने आकडा सांगितला. काकूंनी तेवढाच लिहायला लावला, एक रुपया कमी नाही. भत्ता येईल तेव्हा दे, म्हणाल्या, पण दे. दुसऱ्या दिवशी कागद वेळेत गेले. सुलभा ऑफिसातून बाहेर आली ती चक्क पळतच. त्या संध्याकाळी काकूंचा निरोप आला: कांदे ठेवायची मागची खोली रिकामी करते, अजून दोन पोरी असतील तर पाठवा, भाडं घेईन.

पुण्यात परतल्यावर जो तो विचारतोय, लोणार पाहिलंस का? नाही पाहिलं. ज्या सकाळी जायचं ठरलं होतं, त्या सकाळी मी काकूंचा निरोप घ्यायला गेले आणि बस चुकवली. त्याचं मला काडीचं दुःख नाही. शिष्यवृत्ती, भत्ता यांना मी आजवर मदत म्हणत आले. चिखलीत त्या पोरीला मदत भरपूर होती, ताठ मानेने दार लावून बसायची सोय तेवढी नव्हती.

त्या सकाळी काकू एकट्याच जुड्या बांधत होत्या. बाजाराची वेळ झालेली, भाजीचा हा ढीग. वैष्णवीच्या खोलीचं दार बंद, आत दिवा लागलेला. मी म्हटलं, तिला जरा हाक मारा, भेटून जाते.

काकूंनी मान हलवली आणि मलाच मेथीची एक जुडी बांधायला दिली.

"अभ्यास करून राह्यली ते. भाडेकरूले हाक नाई मारता येत, ताई."