पाण्याच्या रंगातला उकार

प्राणीबागेतल्या पाट्या रंगवणारा पेंटर बोलायला कंजूष होता, अक्षर मात्र भरघोस. त्याची मुलगी घरभर सुळकन पळायची, कुणाच्या हाती लागायची नाही, म्हणून आई तिला मुंगस म्हणायची. नवव्या वर्षी ती तापात गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत बागेत मुंगसाचा पिंजरा आला आणि पेंटरने पाटीवर घरातलाच शब्द लिहिला: मुंगस. कुणी हटकलं नाही. लोक म्हणतात तसंच तर लिहिलं होतं.

तेव्हापासून दर सुट्टीला त्याची बायको समोरच्या बाकावर येऊन बसे. घरात मुलीचा फोटो नव्हता. काढू काढू म्हणत राहून गेला होता. पिंजऱ्यातलं जनावर मेलं, दुसरं आलं. तिला त्याचं काही नव्हतं. ती पाटी बघायची.

मग नवे साहेब आले.

"पेंटर, शब्दकोशात मुंगूस आहे. लिहिताना सगळे तेच लिहितात."

"बोलताना मुंगस म्हणतात, साहेब."

"बोलताना आपण काय वाटेल ते म्हणतो. पाटीवर नको. ग ला दीर्घ उकार द्या, दोन मिनिटांचं काम."

रखवालदार दात काढत म्हणाला, "शेपूटच तर लावायचंय, पेंटर. जनावराला आहे, नावालाही असू दे!"

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. भाजी निवडणारे तिचे हात थांबले.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? नोकरी आहे."

"हो, आहे." ती पुन्हा निवडायला लागली. "मग आता मी तिथे कशाला येऊ?"

भाजी त्या दिवशी शिजली, पण कुणी जेवलं नाही.

सकाळी पिंजऱ्यापाशी त्याने तेलाच्या रंगाचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. पिशवीतून पाण्याचा रंग काढला, त्यात साबणाचा थेंब घातला आणि ग ला उकार काढला. तेलाच्या पाटीवर तो रंग धरत नाही, तेवढ्यापुरता बसतो. असल्या कामाला तो आयुष्यभर तोंडदेखलं म्हणत आला होता. साहेबांनी लांबूनच मान डोलावली.

सुट्टीच्या दिवशी त्याने बायकोला जवळजवळ ओढतच आणलं. ती बाकावर बसली नाही. थेट पाटीशी गेली आणि उकाराकडे बघत राहिली.

"अहो, रंग फाटलाय इथे. तुमच्या हातचं काम नाही हे."

"माझ्याच हातचं आहे." त्याने ओलं फडकं तिच्यापुढे धरलं. "पूस."

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग तोंड पुसावं तसं हलक्या हाताने पुसलं. मुंगस राहिलं.

"साहेब?"

"आज येत नाहीत. उद्या सकाळी मी परत काढीन."

"दर वेळी?"

"दर वेळी."

ती बाकावर बसली. पाटीकडे बघतच तिने विचारलं, "आणि तुम्ही रिटायर झाल्यावर?"

त्याने फडकं पिळलं. काळं पाणी फरशीवरून पिंजऱ्याच्या गजांपर्यंत गेलं. आतलं जनावर बिळातून बाहेर आलं, पाणी हुंगलं आणि परत आत गेलं.