बांगडीतली पिन

आज बसस्टॉपवर एका अनोळखी बाईने शेजारच्या मुलीच्या दप्तराचा तुटलेला पट्टा पाहिला आणि आपल्या बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून लावून दिली. एवढंच. पण तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. माझी बस आली, गेली. मी तिथेच येरझाऱ्या घालतेय.

आईच्या बांगडीत अशा चार-पाच पिना कायम लटकलेल्या असायच्या. पोळ्या लाटताना किणकिणायच्या. माझ्या फ्रॉकचं तुटलेलं बटण, पुढे माझ्या लेकीचं दुपटं, गॅदरिंगला ती परी झाली तेव्हाचे पुठ्ठ्याचे पंख, सगळं त्या पिनांवरच टिकून होतं. काही उसवलं की मी लेकीला म्हणायचे, "जा, आजीकडे जा." आता सारखं वाटतं, घरात काहीतरी सुटत चाललंय आणि कुठे सुटतंय तेच मला सापडत नाही. उगाच कपाटं उघडते, बंद करते.

आई गेली त्या दिवशी मावशी तिला शेवटची साडी नेसवत होती. पदर काही खांद्यावर राहीना.

"पिन आहे का गं कुणाकडे?" मावशीने विचारलं.

घर बायकांनी भरलेलं. कुणी पर्स चाचपली, कुणी ड्रॉवर ओढला. मी नुसती या खोलीतून त्या खोलीत.

माझी लेक मात्र सवयीने आजीकडे गेली. तिने आजीचा हात हातात घेतला आणि बांगडीतली पिन काढून मावशीला दिली.