आवाजाआधीची थाळी

भूमच्या एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहत उभा होतो. उमरग्याकडून आलेल्या गाडीचा कंडक्टर खाली उतरला, मला ओळखून जवळ आला आणि म्हणाला, "मास्तर, तुमची ती थाळीवाली अक्का गेली की. तुमाला कळलं न्हाय व्हय?" एवढे बोलून तो चहाच्या टपरीकडे वळला. माझी गाडी आली, भरली आणि निघून गेली... मी चढलो नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लिहिण्याची मला सवय नाही, आणि उतारवयात ती लागेल असेही वाटत नाही. पण नीलक्काविषयी चार ओळी लिहिल्यावाचून मन स्वस्थ बसेना.

नीलक्का ही उमरग्याच्या जिनिंग गिरणीतल्या आगवाल्याची, शिवप्पाची, बायको. हैदराबाद संस्थानाचे विलीनीकरण होऊन काही वर्षे लोटली होती आणि मी तिथल्या शाळेत नुकताच रुजू झालो होतो. एका दुपारी फळ्यावर लिहीत असताना वर्गाच्या खिडक्या थाडकन आपटल्या. गिरणीचा बॉयलर फुटला होता. तो आवाज मी कदाचित विसरलोही असतो; विसरता येत नाही ते त्यानंतरचे. वखारीतला कापूस उंच उडाला होता आणि संध्याकाळपर्यंत तो सावकाश गावावर उतरत राहिला... माळवदांवर, बाजारातल्या गुळाच्या ढेपांवर, शाळेच्या पटांगणात. मुले तो झेलायला धावली. त्यांना अजून कुणी काही सांगितले नव्हते. शिवप्पा त्यात गेला. त्याच्या हाताखाली काम करणारा यूसुफ, गिरणीमागच्या वस्तीतल्या हसनचाचांचा मुलगा, गेला. आणखीही माणसे गेली.

गिरणी बंद पडली ती पुन्हा उघडली नाही. पुढे मालकांशी तडजोड झाली. वारसांना द्यायचे ते देऊन झाल्यावर काही रक्कम गावाच्या उपयोगी कामासाठी म्हणून निराळी ठेवण्यात आली आणि ती कशी खर्चावी हे ठरवायला एक समिती नेमली गेली. अक्षर बरे म्हणून मला चिटणीस केले. बैठकीत तोंड उघडण्याइतकी माझी छाती नव्हती आणि कुणाची तशी अपेक्षाही नव्हती. अध्यक्षांच्या मनात हमरस्त्यावर दगडी कमान बांधावी, तीवर मृतांची नावे कोरावीत, असे होते. "हैदराबादला जाणारा माणूस मोटारीतून वाचील," ते म्हणाले. तेव्हा दाराशी बसलेल्या बायकांमधून नीलक्का उठली. पदर सावरून तिने अध्यक्षांना शांतपणे विचारले, "मोटारीतल्याला तहान लागलीय व्हय, मालक? गिरणीमागच्या वस्तीला बॉयलरच्या हौदाचं पाणी मिळायचं. हौद कोरडा पडला. आमची पोरं नाल्यातलं गढूळ पेत्यात. आमाला हीर द्या. माझा नवरा काय कमानीवर चढून बसायचा न्हाय."

कुणीतरी हसले आणि मग कुणीच हसले नाही. विहीर मंजूर झाली.

आम्हां शिकलेल्यांच्या किंवा त्या बायकांच्याही ध्यानात एक गोष्ट आली नव्हती. वस्तीची जमीन वरून काळी, पण हातभर खणले की खडक. खडक फोडायचा म्हणजे सुरुंग आला... पहिला सुरुंग उडाला तेव्हा मी वस्तीच्या तोंडाशी होतो. आवाज विरतो न विरतो तोच घराघरांतून माणसे बाहेर पडली. त्यांतले विहिरीकडे कुणीच गेले नाही. सगळी गिरणीकडे पळत होती. चुलीपुढून उठलेल्या बायका तशाच पिठाच्या हातांनी निघाल्या होत्या. सर्वांच्या पुढे हसनचाचा होते. कुलूप लागलेल्या फाटकावर दोन्ही हात आपटत ते ओरडत होते, "यूसुफ! बाहर आ रे! यूसुफ!" फाटकाच्या आत गवत माजले होते. त्या गर्दीत मला नीलक्काही दिसली. पुढे तिनेच सांगितले, "ठावं असून पळाले की, मास्तर. पायाला कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी समिती पुन्हा बसली. अध्यक्ष दुष्ट माणूस नव्हते. पण कमान तेवढीच सोयीची, असे त्यांनी सुचवलेच. हसनचाचांनी नीलक्काकडे पाहून हात जोडले. "बेटी, पानी नक्को. वो आवाज हौर नक्को." विहिरीची मागणी तिची होती, आणि तिचीच माणसे आता ती नको म्हणत होती. तिने चाचांचे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाली, "चार दिस काम थांबवा. मोडू मात्र नगा."

काम पुन्हा सुरू झाले त्या सकाळी ती शिवप्पाची जेवणाची पितळी थाळी घेऊन खाणकाम करणाऱ्या वडारांपुढे उभी राहिली. "सुरुंग भरला की मला हाक मारायची. मी वस्ती फिरून येईपत्तर बत्ती लावायची न्हाय." त्यांचा म्होरक्या हसला. "वात काय तुझ्या घरची हाय का, अक्का?" "वात तुझी. कान आमचे."

आणि ती फिरू लागली. उलथन्याने थाळी वाजवत, गल्लीगल्लीतून, नाव घेऊन घेऊन. "पारू, आता हुणार हाय गं! चांदबी, पोराला जवळ घे! आपल्या हिरीचा आवाज हाय, कुणी पळू नगा!" शेवटी ती हसनचाचांच्या उंबऱ्यावर येऊन बसे. चाचा दाराची चौकट धरून उभे असत. सुरुंग उडे, चौकट थरथरे आणि त्यांचे ओठ हलत. पाय मात्र जागेवर राहत... मी शाळेतून ती थाळी ऐकत असे आणि वर्गातल्या मुलांना लिहिणे थांबवायला सांगत असे. असे कितीतरी दिवस चालले. मग एकदा ती उंबऱ्यावर टेकणार एवढ्यात चाचांनी हात पुढे केला. "ला. आज मैं बजातूं." त्या म्हाताऱ्या हातांनी थाळी इतक्या जोराने वाजवली की काठाला पोचा पडला. सुरुंग उडाल्यावर ते नीलक्काला म्हणाले, "देख, मैं बोल्या, तब्बीच उड्या."

पाणी लागले तेव्हा अध्यक्ष नारळ घेऊन आले होते. नीलक्काने ओंजळभर पाणी चाखले आणि म्हणाली, "जरा मचूळ हाय. कमानीपरीस बरं."

पुढे माझी भूमला बदली झाली. हसनचाचाही गेले. थाळी मात्र सुटली नाही. दिवाळीचे बार असोत, की कुठे खाणीत दगड फोडणे असो, तिला सुगावा लागला की ती वस्तीभर फिरून येई. मागच्या भेटीत तिने मला चहा दिला आणि सहज विचारले, "तुमच्या भूमला आवाजाच्या आदी कोण सांगतं वं, मास्तर?" मी हसण्यावारी नेले. बदली होऊन इतकी वर्षे झाली, तरी दार आपटले की मी दचकतो, हे तिला मी कधी बोललो नव्हतो.

कंडक्टरने बातमी सांगितल्यानंतरच्या रविवारी मी उमरग्याला गेलो. यूसुफची बायको चांदबी हिने नीलक्काची खोली उघडून दिली. नीलक्काच्या लेकीने भांडीकुंडी नेली होती. थाळी वस्तीची म्हणून खिळ्यालाच ठेवली होती. आम्ही दोघे तिच्यापुढे उभे होतो. तेवढ्यात रस्त्याचे काम चालले होते त्या बाजूने सुरुंगाचा मोठा आवाज झाला. भिंत हलली, आणि खिळ्यावरची थाळी बारीक, लांबत जाणाऱ्या नादाने आपोआप वाजली. मी तिला आवाजाच्या मागून वाजताना कधी ऐकले नव्हते...

बाहेर गल्लीत पावले धावू लागली. कुठल्या दिशेने, ते पाहायला मी दारापर्यंत गेलो नाही. चांदबीने थाळी खिळ्यावरून उतरवली. "लागोपाठ लावत्यात ही लोकं. दुसरा हाय अजून," ती म्हणाली आणि पदर खोचत बाहेर पडली. धुराने काळवंडलेल्या भिंतीवर थाळीएवढा उजळ गोल तेवढा उरला. थाळीचा आवाज एका गल्लीतून दुसरीत जात राहिला, आणि त्या गोलाकडे पाहत मी पुढच्या सुरुंगाची वाट पाहत उभा राहिलो.